समालोचकाच्या शेजारची खुर्ची

समालोचकांच्या भाषेवर वैतागणारी माणसं घरोघरी असतात. ती टीव्हीचा आवाज बंद करून मोकळी होतात. मला ती सोय नव्हती. बँकेतली नोकरी सांभाळून मी उमेदीची बरीचशी वर्षं समालोचकाच्या शेजारच्या खुर्चीवर काढली. आधी मैदानावरच्या तंबूत स्कोअरर होतो, मग रेडिओच्या कक्षात आकडे पुरवू लागलो आणि निवृत्तीनंतर वाहिन्यांच्या गारेगार स्टुडिओत जाऊन बसलो. समोर वही, हातात पेन आणि डाव्या कानाशी न थांबणारं बोलणं. त्या बोलण्याचा मला राग यायचा. अजूनही येतो. पण तो नक्की कशाचा, हे कळायला फार वेळ गेला.

स्कोअररची शिस्त आधी सांगतो, कारण माझा राग तिथूनच आला असावा. मी कांगा लीगमध्ये शिकलो. मुंबईची ही पावसाळी स्पर्धा 1948 पासून खेळली जाते. आझाद, क्रॉस, ओव्हल या मैदानांवर ओलं गवत, चिखलात रुतलेले तंबूचे खुंट आणि वहीवर ठिबकणारं पाणी. पंचाने खूण केली की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची. हा शिष्टाचार नाही, क्रिकेटच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे. वहीत टिंब म्हणजे टिंब. निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा. बॅटची कड घेऊन स्लिपमधून निसटलेला चौकार आणि कव्हरमधून हुकमी मारलेला चौकार वहीत सारखेच, दोन्ही चार. 'सुंदर' लिहायला तिथे रकानाच नाही. विशेषणं समालोचकाने आणायची, ते त्याचं काम. पण चेंडू टप्पा पडायच्या आत विशेषण तयार असलेलं ऐकलं की माझं पेन अडखळायचं.

रेडिओच्या कक्षात गेलो तेव्हा जुन्या लोकांच्या गोष्टी कानावर पडल्या. तीसच्या दशकात मुंबईच्या चौरंगी सामन्यांचं वर्णन बॉबी तल्यारखान दिवसभर एकटेच करत. शेजारी दुसरा समालोचक त्यांना खपत नसे. मराठीत बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांनी मैदान न पाहिलेल्या माणसाला मैदान दाखवलं. त्या काळच्या श्रोत्याला चित्र दिसत नव्हतं, त्यामुळे बोलणाऱ्याला लबाडी करायची फारशी सोय नव्हती. चेंडू कुठे पडला, कोण धावलं, किती झाल्या, गडी किती बाद. एवढं वेळेवर कळलं नाही तर पोस्टकार्डं यायची. एका गावाकडच्या शिक्षकांचं पत्र मी वाचलं होतं. तक्रार एकच: तुमचे समालोचक हवामान सांगतात, प्रेक्षकांचा उत्साह सांगतात, धावसंख्या सांगत नाहीत. मी रानात असतो, रेडिओ बांधावर असतो, बांधाशी येईन तेव्हा आकडा कळायला हवा.

अमेरिकेत रेड बार्बर नावाचे बेसबॉलचे समालोचक शेजारी तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू खाली उतरली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. मी ही गोष्ट कक्षातल्या एकाला सांगितली. तो हसला आणि म्हणाला, 'त्यासाठी तुम्ही आहात ना.' खरंच होतो. पुढे मी धावसंख्येची चिठ्ठी त्याच्या समोर सरकवायचो, तो ती वाचायचा. कधी वाचायचाही नाही, कारण तेव्हा तो ढगांबद्दल बोलत असायचा.

मराठीत धावतं वर्णन करणाऱ्याची एक खरी अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'गोलंदाजाने ऑफ स्टंपच्या बाहेर टाकलेल्या चेंडूवर फलंदाजाने कव्हरच्या दिशेने जोरदार फटका मारलेला आहे' हे वाक्य पुरं होईतो चेंडू सीमारेषेला लागून यष्टिरक्षकाकडे परतलेला असतो. रेडिओवरच्या जाणत्या लोकांनी यावर आपापले उपाय काढले होते. क्रियापद उचलून पुढे आणायचं, नाहीतर गाळूनच टाकायचं. 'टाकला. पुढे आला, मारला, कव्हरच्या उजवीकडून, धावतायत दोघं, नाही पोचणार, चार.' शाळेच्या व्याकरणात हे वाक्य नापास होईल. पण ऐकणाऱ्याचा श्वास चेंडूबरोबर धावतो आणि चेंडूबरोबरच थांबतो. हे करता येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतली काही एरवी अगदी साधं, चारचौघांसारखं बोलायची.

आता काय ऐकू येतं? चेंडू गेलेला आहे. धावा मिळालेल्या आहेत. झेल घेण्यात आलेला आहे. घेण्यात आलेला आहे, म्हणजे जणू सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर झाला! कुणी घेतला, उजवीकडे झेपावून की छातीशी, हे सांगायचं राहूनच जातं. क्रियापद जितकं लांब तितकं वजन वाढतं, असा कुठूनसा समज पसरला आहे. त्यात हिंदीतून सरळ उचललेली वळणं. धावा 'बनवल्या' जातात, एक फलंदाज दुसऱ्या'ची' मदत करतो आणि प्रत्येक संघावर 'कुठे ना कुठे' दबाव असतो.

या 'कुठे ना कुठे'ने माझे डोळे उघडले. एका सामन्यात ते इतक्यांदा ऐकलं की चहापानाला मी त्या तरुण समालोचकाला विचारलं, 'कुठे म्हणजे नक्की कुठे रे?' मुलगा प्रामाणिक होता. ओशाळला नाही. म्हणाला, 'काका, ते बोलेपर्यंत पुढचं सुचतं.'

त्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होतो. तोवर मी समजत होतो की यांचं वाचन कमी, मराठी कच्ची, शाळा इंग्रजी. ते थोडंफार खरंही आहे. पण हा मुलगा घरी, कट्ट्यावर उत्तम मराठी बोलायचा. माइकसमोर आला की त्याला रिकामी जागा दिसायची आणि ती भरायला तो हाताला लागेल ते फेकायचा. भाषा त्याला येत होती. गप्प बसायची परवानगी त्याला नव्हती.

रिची बेनो यांनी समालोचकांना दिलेला सल्ला क्रिकेटच्या जगात सगळ्यांना पाठ आहे: पडद्यावर जे दिसतंय त्यात भर घालता येत असेल तरच बोला. सुटलेल्या झेलाला शोकांतिका म्हणू नका, हेही ते सांगत. त्यांचं कौतुक सगळेच करतात. पण आजच्या स्टुडिओत बेनो चार षटकं टिकले असते की नाही, मला शंका आहे.

स्टुडिओ कसा असतो ते सांगतो. भारतीय भाषांतलं बरंचसं समालोचन मैदानावरून होतच नाही. 2023 ची आयपीएल मोबाइलवर बारा भाषांत ऐकायला मिळाली. त्यांत मराठी होती, भोजपुरीही होती. मला आनंद झाला. पण अशा वेळी बोलणारे बहुधा कुठल्यातरी शहरात बंद खोलीत पडद्यासमोर बसलेले असतात. मैदानावरचा दिग्दर्शक जे चित्र निवडेल तेवढंच त्यांना दिसतं. गोलंदाज धावत येताना पडद्यावर गोलंदाज असतो. तेव्हा थर्ड मॅन आत आला का, मिडविकेट मागे गेला का, हे त्यांना कळायला मार्ग नाही. मैदानावर बसलेला माणूस चेंडू टाकायच्या आधी क्षेत्ररक्षण पाहून ओळखतो की आता आखूड येणार. स्टुडिओतल्याला ते चेंडू पडल्यावर समजतं. मग तो काय सांगणार? 'आपण पाहू शकतो.' हे तीन शब्द तिथे जन्माला आले आहेत. चित्र आपल्यालाही दिसतंय आणि त्यालाही तेवढंच दिसतंय. कुणाकडेच जास्तीचं काही नाही.

त्यातून कानात एक बारीक आवाज सतत चालू असतो. निर्मात्याचा. षटक संपताच जाहिरात लागते, तेव्हा वाक्य आवरा. जाहिरातीवरून परत आलो, जोमात सुरू करा. शेजारच्याशी थट्टा करा. षटकार गेला की अमुक प्रायोजकाचं नाव घ्या. आयपीएलच्या पहिल्या काही हंगामांत षटकाराला एका बांधकाम कंपनीचं नाव चिकटलं होतं, ते वाचकांना आठवत असेल. इतक्या सूचना झेलत जो चार शब्द नीट बोलेल त्याला मी नमस्कार करीन. बहुतेकांना जमत नाही. ती माणसं आळशी नसतात, हे शेजारी बसल्यामुळे मला ठाऊक आहे. सामना संपल्यावर घाम पुसत बाहेर येतात.

एक माजी खेळाडू होता. रणजी खेळलेला फिरकी गोलंदाज. पुस्तकी मराठीचा त्याला गंध नव्हता. पहिल्या दिवशी त्याने फिरकीपटूच्या मनगटाबद्दल जे सांगितलं ते मी वहीच्या समासात लिहून घेतलं. म्हणाला, 'याचं मनगट आज झोपलंय. बॉल सोडताना बोटं वरून नाही, बाजूनं चाललीयत. एक-दोन ओव्हरीत हा आखूड टाकणार बघा.' पुढच्याच षटकात आखूड पडला आणि षटकार बसला. 'बॉल', 'ओव्हरीत', सगळं मैदानावरचं. फलंदाज पायचीत झाला की 'एलबी' म्हणायचा. शुद्धतेचे काही भोक्ते अशा बोलण्यावर तुटून पडतात. त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही. शिवाजी पार्कवर चार पिढ्या 'एलबी' म्हणत आल्या. 'पायचीत'ही सुरेख आहे, 'त्रिफळाचीत'चा तर मला अभिमान आहे. पण 'त्रिफळाचीत करण्यात आलेला आहे' म्हणणाऱ्यापेक्षा 'बोल्ड! मधली उडाली' म्हणणारा मला जवळचा.

त्या फिरकीपटूचं पुढे काय झालं ते ऐका. काही दिवसांतच त्याच्या कानात सूचना सुरू झाल्या: आवाज वर न्या, एनर्जी कमी आहे, प्रेक्षक तरुण आहे. त्याने आज्ञा पाळली. हंगाम संपता संपता तो प्रत्येक चौकाराला ओरडत होता, कडेने गेलेल्या चौकारालासुद्धा. मनगटाबद्दल बोलणं बंद झालं. मनगटाबद्दल ओरडून बोलता येत नाही. आता तो त्या धंद्यात नामवंत आहे, आणि मी मनापासून सांगतो, त्याचं वाईट वाटतं.

समालोचक जेव्हा खरोखर बघतात तेव्हा काय होतं, हे मी पुण्यात पाहिलं. 1996 चा विश्वचषक, फेब्रुवारीची 29 तारीख, नेहरू स्टेडियम. केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. कक्षात सगळे सैलावून बसले होते. केनियाचा डाव 166 धावांत आटोपला, तेव्हा लवकर घरी जायच्या गोष्टी सुरू झाल्या. वेस्ट इंडीजसाठी प्रत्येकाकडे तयार मसाला होता: तुफान, झंझावात, कॅरिबियन बेटांचा मुक्त खेळ. मग रजब अलीने रिचर्डसनचा त्रिफळा उडवला. थोड्या वेळाने लारा यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हाती सापडला. हा यष्टिरक्षक चष्मा लावून खेळायचा, त्याच्या हातून चेंडू निसटत होते, आणि लाराचा झेल तेवढा राहिला. कक्षात क्षणभर कुणी बोललंच नाही. मसाला संपला होता. केनियाच्या खेळाडूंसाठी कुणाकडे एकही तयार वाक्य नव्हतं, नावंसुद्धा मी चिठ्ठीवर लिहून देत होतो. त्यामुळे त्यांना बघावंच लागलं. ओडुंबेचा ऑफस्पिन किती संथ येतो, फलंदाज किती आधी खेळून बसतो, क्षेत्ररक्षक दर चेंडूला एकेक पाऊल कसे पुढे सरकतायत. पुढचा तास-दीड तास मी असं वर्णन ऐकलं की लिहायला विसरीन अशी भीती वाटली. 93 धावांत सगळे बाद, केनिया 73 धावांनी विजयी. शेवटचा गडी पडला आणि लगेच एकाने सांगून टाकलं, 'क्रिकेट हा अनिश्चिततेचा खेळ आहे.' परत मूळपदावर.

आकड्यांची भाषाही बिघडली आहे, आणि ती माझ्या घरची गोष्ट असल्यामुळे तिथे मी जास्त हळवा आहे. आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांच्या पिढीने संगणक नसताना आकडे जपले. कशासाठी? आकडा काहीतरी दाखवतो म्हणून. आता बोलणं तुटलं की हात माझ्याकडे येतो: 'काका, काहीतरी द्या ना.' एकदा एका डावखुऱ्याची त्या मैदानावरची सरासरी मी लिहून दिली आणि कंसात 'फक्त चार डाव' असं लिहिलं. सरासरी मोठ्याने वाचली गेली. कंस वाचला गेला नाही. त्यावर सिद्धान्त उभा राहिला, शेजारच्याने त्याला दुजोरा दिला, आणि तो फलंदाज दुसऱ्या चेंडूवर गेला. एकशे दहा टक्के प्रयत्न तर रोजचेच.

आणि 'बरोबरी'. अनिर्णित राहिलेल्या कसोटीला सर्रास 'बरोबरीत सुटली' म्हणतात. कसोटी क्रिकेटच्या सगळ्या इतिहासात बरोबरीत सुटलेल्या कसोट्या दोनच: 1960 ची ब्रिस्बेनची आणि 1986 ची मद्रासची. मद्रासला शेवटच्या षटकात मणिंदर सिंग पायचीत झाला, तेव्हा दोन्ही संघांच्या धावा सारख्या होत्या आणि भारताचे सगळे गडी बाद झाले होते. तशी वेळ स्कोअररच्या आयुष्यात आली तर तो वही तीनदा तपासतो, हात थरथरतो. पाच दिवस कंटाळवाणं खेळून हात मिळवलेल्या सामन्याला तोच शब्द लावला की मला ते सोसत नाही. लोक म्हणतात, कळलं ना अर्थ, मग झालं. मला नाही झालं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते क्रिकेटच्या बाहेरच्या एका दुपारने. बँकेतल्या सहकाऱ्याने गावच्या जत्रेला सांगली जिल्ह्यात नेलं, तिथे कुस्तीचं मैदान होतं. तांबडी माती, हलगीचा ठेका, भोवती चढत गेलेली माणसं, आणि कर्ण्यावर निवेदक. गडी जोरदार होता, पहिलवानाची तालीम, वस्ताद, मागच्या कुस्त्या सगळं तोंडपाठ. बोलण्याची तऱ्हा थेट कीर्तनकाराची. अतिशयोक्ती भरपूर. मी मनात म्हटलं, आला आपला माणूस. एवढ्यात एका जोडीत डाव लागला आणि निवेदक म्हणाला, 'ढाक!' हौद्याच्या कडेला बसलेला एक म्हातारा उठून ओरडला, 'अवो ढाक न्हवं, टांग हाय ती!' भोवतीच्या दहा-वीस जणांनी माना डोलावल्या. निवेदकाने हलगी थांबवली, 'टांग, टांग मारली, आबांनी बरोबर सांगितलं,' म्हणाला आणि पुढे गेला. त्याचा मान तसूभर कमी झाला नाही.

परतीच्या एसटीत मी तेच घोळवत होतो. या माणसाची विशेषणं क्रिकेटवाल्यांपेक्षा दुप्पट होती, तरी त्याचा राग आला नाही. तो डावाच्या नावाशी खेळत नव्हता. खेळूच शकत नव्हता, कारण ते नाव जाणणारी माणसं त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर बसली होती. स्टुडिओतल्या समालोचकाला असा म्हातारा मिळत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी किती लोकांनी पाहिलं याचे आकडे मिळतात. त्या आकड्यांत टांग आणि ढाक यांचा फरक दिसत नाही. रेडिओच्या काळात निदान पोस्टकार्डं यायची.

हल्ली मी उपनगरातल्या एका क्लबात शनिवारी मुलांना स्कोअरिंग शिकवतो, आणि ज्यांना हौस आहे त्यांच्याकडून थोडं समालोचनही करून घेतो. आवाज बंद करून जुना सामना लावायचा, एक षटक विशेषणाशिवाय सांगायचं. पहिल्यांदा सगळ्यांची तारांबळ उडते. 'जबरदस्त' म्हणायचं नाही म्हटलं की तोंडच बंद पडतं. हळूहळू डोळे उघडतात: काका, याने गार्ड बदलला. काका, कीपर पुढे आला. मी म्हणतो, मग ते सांग ना.

त्यांत खो-खो खेळलेली एक मुलगी होती. क्रिकेटमध्ये तिला फारसा रस नव्हता, म्हणून म्हटलं तुझा खेळ सांग. एका स्थानिक खो-खो स्पर्धेत तिला माइक मिळवून दिला. खो-खोचं वर्णन क्रिकेटपेक्षा अवघड आहे. दोन चेंडूंच्या मध्ये मिळतो तसा श्वास तिथे नाही. ती काय बोलायची? 'तिसऱ्या पाटीवरून खो. पाचवी. लगेच सहावी. धावक खांबाकडे. सूर! नाही, हात वीतभर मागे राहिला. सुटली.' दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात वेळ आणि गुण सांगून गप्प बसायची. मैदानावर बसलेल्या जुन्या खेळाडू बायकांनी तिला बोलावून खाऊ दिला.

आयोजकांनी मला बाजूला घेतलं. 'मुलगी हुशार आहे हो, पण जोश कमी पडतो. मधे मधे शांतच होते.' पुढच्या वर्षी त्यांनी लग्नांत सूत्रसंचालन करणारा एक निवेदक आणला. त्याने शेरोशायरी केली, प्रायोजकांची नावं न चुकता घेतली आणि एका सामन्यात आक्रमण कुणाचं चालू आहे तेच उलटं सांगितलं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. मुलगी आता पंचाची परीक्षा देऊन जिल्हा स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभी राहते. त्यात मानधन थोडं जास्त मिळतं, असं म्हणाली.